टेप गुंडाळली तरी नळ ठिबकतोच!

प्रश्न : बाथरूमचा अर्धा इंची नळ बदलला, टेफलॉन टेप लावली, तरी भिंतीपाशी थेंब थेंब येतंच आहे. अजून आवळू का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : थांबा, आवळू नका! आत सीपीव्हीसीची (म्हणजे प्लास्टिकची) फिटिंग असेल तर तडकेल आणि मग टाइल फोडायची वेळ येईल, ते परवडणारं नाही. बहुतेक वेळा चूक टेपच्या दिशेची असते. नळाच्या आट्यांचं (पेचांचं) तोंड आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची, उलटी गुंडाळली की नळ बसवताना ती सुटून गोळा होते आणि आपण टेपच्या नावाने बोटं मोडतो. आपल्याकडची टेप फार पातळ, त्यामुळे दोन-तीन वेढ्यांनी काही होत नाही, 8-10 तरी द्या, ताणून, आणि तोंडाकडचा पहिला आटा मोकळा ठेवा म्हणजे तुकडे पाण्यात जाणार नाहीत.

अजून एक, नळ सरळ करायला म्हणून तुम्ही तो थोडा मागे फिरवलात का? तिथेच गळती सुरू होते. मग काढून, जुनी टेप ब्रशने साफ करून पुन्हा नवीन लावायची, दुसरा उपाय नाही. पेठेतल्या जुन्या वाड्यात जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप असेल तर सुतळी आणि सफेदा (पांढरा लेप) अजूनही मस्त चालतो, प्लास्टिकच्या आट्यांना मात्र नको.

आणि गीझरच्या कनेक्शन पाइपच्या नटमध्ये रबरी वॉशर असतो ना, तिथे टेप लावूच नका, वॉशर बदला.