काळं प्लास्टिकचं उलथनं फेकून द्यावं का?

काळ्या उलथन्यात डेकाबीडीई नावाचं आग रोखणारं रसायन असतं हे खरं का, आणि घरातली सगळी उलथनी टाकून द्यायची का, असं तुम्ही विचारलंय. मी जळगावच्या एमआयडीसीत भंगार प्लास्टिक वितळवून त्याचा रिसायकल दाणा करण्याच्या धंद्यात आहे, त्यामुळे भंगाराच्या बाजूने सांगतो.

उलथनं पेटू नये म्हणून त्यात हे रसायन कोणी घालत नाही. ते येतं जुन्या टीव्हीच्या मागच्या कव्हरातून, त्या कव्हरांचा दाणा उलथन्यात गेला की. डेकाबीडीईच्या एका रेणूत ब्रोमीनचे १० अणू, वजनाने सुमारे ८३ टक्के नुसता ब्रोमीन. प्लास्टिक तापलं की तो सुटतो आणि ज्वाला ज्या साखळी अभिक्रियेवर चालते तीच तोडतो. जोडीला अँटिमनी ट्रायऑक्साइड असलं की काम आणखी चोख. गोम अशी की डेकाबीडीई प्लास्टिकला जोडलेलं नसतं, नुसतं मिसळलेलं असतं, म्हणून हळूहळू बाहेर पडत राहतं. २०१७ साली ते घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेलं, पण त्याआधीचे टीव्ही अजून भंगारात येतातच.

हा ब्रोमीनवाला माल वेगळा काढता येतो. मिठाच्या दाट पाण्यात चुरा टाकला की साधं एबीएस (टीव्हीच्या कव्हराचं कडक प्लास्टिक) तरंगतं, ब्रोमीनवालं जड असल्याने तळाला जातं. पण एवढी मेहनत प्रत्येक जण घेईलच असं नाही. दहा रंगांचा माल एकत्र वितळवला की मळकट दाणा निघतो, त्यात कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी काळी भुकटी, घातली की सगळं झाकलं जातं. म्हणून संशय काळ्यावर.

आता काळ्या उलथन्यांची जी बातमी गाजली तिच्याबद्दल. २०२४ मधल्या एका अमेरिकी शोधनिबंधात अशा भांड्यांतून डेकाबीडीईचं रोजचं सेवन ३४,७०० नॅनोग्रॅम धरलं होतं. सुरक्षित मर्यादा शरीराच्या वजनाच्या किलोमागे रोज ७,००० नॅनोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४,२०,०००. त्यांनी लिहिलं ४२,०००! एक शून्य गळालं, पुढे दुरुस्ती छापावी लागली. म्हणजे आकडा मर्यादेच्या काठावर नव्हता, दहाव्या हिश्श्याहूनही कमी होता. घाबरून जाण्यासारखं त्यात काही नाही.

तरी मी स्वतः काळं उलथनं फोडणीत घालत नाही. गरम तेलात हे रसायन जास्त उतरतं, आणि शेवभाजीला आपला तेलाचा हात कसा असतो ते तुम्हाला माहीत आहेच. तिथे स्टीलचा झारा किंवा लाकडी डाव घ्या. थंड कोशिंबिरीला काळा चमचा असला तर मी अडवणार नाही.

त्याहून मोठी काळजी जाळण्याची. थंडीत शेकोटीत जुन्या टीव्हीचं कव्हर टाकलेलं मी पाहिलंय. अर्धवट जळताना त्यातून ब्रोमीनयुक्त डायॉक्सिन आणि फ्युरान ही विषारी रसायनं तयार होतात, आणि तो धूर शेकणाऱ्यांच्याच नाकात जातो. तसलं कव्हर ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात द्या.