टूर कंपनीशिवाय परदेशात: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही पाच जण पहिल्यांदाच टूर कंपनीशिवाय युरोपला निघतोय. १४ दिवसांत पॅरिस, ॲमस्टरडॅम, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस आणि रोम असा बेत आहे. जमेल का?

उत्तर : पोहोचाल सगळीकडे, बघून मात्र होणार नाही. गाव बदलण्यात जाणारा दिवस कोणी हिशेबात धरत नाही. सकाळी दहा-अकराला खोली सोडावी लागते, पुढच्या हॉटेलात ती दुपारी दोन-तीनच्या आत मिळत नाही, आणि मधला सगळा वेळ स्टेशन, गाडी, बॅगा यांतच जातो. सहा शहरं म्हणजे असे पाच दिवस गेले.

व्हेनिसचंच घ्या. सांता लुचिया स्टेशनच्या पायऱ्या उतरलं की समोर थेट ग्रँड कॅनाल. जुन्या शहरात मोटारी नाहीत. सार्वजनिक बोटीतून उतरलात की पुढे पायीच, आणि वाटेत पूल लागला की बहुतेक वेळा त्याला पायऱ्या. चाकांची बॅग उचलायची, पलीकडे टेकवायची, चार पावलं ओढली की पुन्हा उचलायची. बॅग २३ किलोंची असेल तर हॉटेल गाठेपर्यंतच जीव मेटाकुटीला येतो.

चौदा दिवसांत तीन शहरं करावीत, फार तर चार. प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस, रोम ही ओळ चांगली लागते. प्राग ते व्हिएन्ना थेट रेल्वेने साधारण चार तास, व्हिएन्नाहून व्हेनिसला रात्रीची गाडी, व्हेनिस ते रोम वेगवान गाडीने पुन्हा चारेक तास. विमानाचं तिकीट प्रागला उतरणारं आणि रोमहून परतणारं काढा, म्हणजे माघारी यायचा दिवस वाचेल. कोलोसियम आणि व्हॅटिकन म्युझियमची ठरावीक वेळेची तिकिटं आधीच घेऊन ठेवा. बाकीचे दिवस मोकळे राहू द्या. त्या मोकळ्या वेळासाठीच तर स्वतःचं स्वतः जायचं असतं.

प्रश्न : शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? आम्ही आधी ऑस्ट्रियात उतरणार, पण जास्त दिवस इटलीत आहोत.

उत्तर : इटलीकडे. जिथे मुक्काम सर्वांत लांब, त्या देशाकडे अर्ज करायचा. दिवस सारखे असतील तरच पहिल्या प्रवेशाचा देश बघायचा. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो, पण अपॉइंटमेंटसाठीच आठवडे जाऊ शकतात, तेव्हा त्या १५ दिवसांच्या भरवशावर राहू नका. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट निदान तीन महिने वैध असावा.

व्हिसा हातात पडला की त्याच ठिकाणी नीट वाचा. ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’ हा एक रकाना आणि ‘किती दिवस’ हा दुसरा. तारखांचा पल्ला मोठा दिसला तरी राहता येतं ते दुसऱ्या रकान्यातल्या दिवसांइतकंच, आणि त्यात येण्याचा व जाण्याचा दिवसही मोजला जातो.

प्रश्न : आम्ही सात मैत्रिणी. मागच्या सहलीत पैशांवरून आणि सकाळी निघण्याच्या वेळेवरून इतकी कुरबुर झाली की दोघी आता येत नाही म्हणतात. काय करावं?

उत्तर : त्या दोघींशी आधी बोला, तिकिटं नंतर काढा. अशा भांडणांचं मूळ बहुतेक वेळा घरीच असतं: एकीच्या मनात साधं होस्टेल आणि दुसरीच्या मनात चांगलं हॉटेल, पण रकमेचा आकडा कोणी मोठ्याने उच्चारलेलाच नसतो. राहण्याचा आणि जेवणाचा दिवसाचा खर्च किती, हे सातही जणींनी एकत्र बसून ठरवा. टॅक्सी, किराणा, बोटीचं भाडं यांसाठी सामाईक पाकीट ठेवा. बाकीचा हिशेब स्प्लिटवाइजसारख्या ॲपवर त्याच रात्री टाकायचा. दोन दिवस राहिला की आठवणी वेगळ्या होतात आणि तिथेच ठिणगी पडते.

सात हा आकडा तसा अवघडच. साध्या टॅक्सीत चौघी बसतात, म्हणजे दोन टॅक्सी लागतात; खोल्या दोघींच्या, म्हणजे प्रत्येक मुक्कामी एक जण उरते. ती दर वेळी तीच राहणार नाही याची काळजी घ्या. कोण घोरतं हेही आधी विचारा. संकोच वाटतो, पण झोप नीट झाली की निम्मी चिडचिड कमी होते.

कामं वाटून घ्या. एकीने रेल्वे बघायची, एकीने मुक्काम, एकीने तिकिटं. सगळं एकीवरच पडलं की तिची सहल होत नाही, नोकरी होते. आणि दर दिवसाआड अर्धा दिवस वेगवेगळ्या फिरा. जिला म्युझियम हवं तिने तिथे रमावं, जिला उशिरापर्यंत झोपायचंय तिने झोपावं. संध्याकाळी भेटायची जागा आणि वेळ मात्र पक्की हवी, आणि फोन लागला नाही तरी ती प्रत्येकीला ठाऊक हवी.

प्रश्न : मी ५८ वर्षांची, एकटीच जपानला जाणार आहे. रेल्वे पास घ्यावा का? आणि बॅगा कशा सांभाळायच्या?

उत्तर : टोकियो-क्योतो-टोकियो एवढंच असेल तर पास घेऊ नका. ऑक्टोबर २०२३मध्ये सात दिवसांच्या पासची किंमत ५०,००० येन झाली. टोकियो ते क्योतो शिंकान्सेनचं (बुलेट ट्रेनचं) एकेरी तिकीट साधारण १४,००० येनांचं आहे. बॅगांसाठी ताक्क्युबिन ही सेवा तुम्हाला फार उपयोगी पडेल. हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, बहुधा दुसऱ्या दिवशी ती पुढच्या हॉटेलात पोहोचते. एका रात्रीचे कपडे आणि औषधं पाठीवरच्या पिशवीत घेऊन तुम्ही मोकळ्या.

औषधांचं मात्र गांभीर्याने घ्या. सर्दीच्या काही साध्या गोळ्यांतलं स्युडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर जपानमध्ये ते नेता येत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ वेष्टन सोबत ठेवा. उजेडी उतरणारं विमान निवडा. पहिल्यांदा एकटं जाताना अनोळखी स्टेशन दिवसा बघितलेलं बरं.

प्रश्न : परदेशात कार्डाचं मशीन ‘कोणत्या चलनात?’ असं विचारतं. काय दाबायचं?

उत्तर : नेहमी तिथलं चलन. आपलं चलन निवडलं की दर मशीनवाला लावतो आणि तो बहुधा महाग पडतो. एटीएमवरही हेच. दोन कार्डं ठेवा, दोन वेगळ्या जागी.

प्रश्न : दोन वेगळ्या विमान कंपन्यांची तिकिटं स्वतंत्र काढली तर बरेच पैसे वाचतात. मध्ये अडीच तास आहेत. घेऊ का?

उत्तर : नको. एकाच बुकिंगमध्ये पहिलं विमान उशिरा आलं तर पुढे पोहोचवायची जबाबदारी कंपनीची असते. वेगळ्या तिकिटांत दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त न आलेले प्रवासी. शिवाय बॅग बहुधा स्वतः घेऊन पुन्हा चेक-इन करावी लागते. त्यासाठी इमिग्रेशन ओलांडावं लागतं आणि मधल्या देशाचा व्हिसा लागू शकतो. तो नसेल तर पहिल्याच विमानतळावर अडवतील. इतके पैसे वाचवायचेच असतील तर मधल्या शहरात एक रात्र मुक्काम धरा, व्हिसाचे नियम आधी बघा, आणि त्या रात्रीचं हॉटेल हिशेबात घालून बचत उरते का ते पाहा.