मेलेल्या मुलीच्या मेंदूतला डेटा नव्या शरीरात टाकून तिला परत आणलं, तर ती माणूसच का? (विज्ञानकथा लिहितेय, मदत हवी)

तू अकरावीत आहेस म्हणालीस म्हणून सरळ अगं-तुगं करतोय, राग मानू नको. तुझी नायिका सतराव्या वर्षी ॲक्सिडेंटमध्ये जाते, सायंटिस्ट बाबा तिच्या मेंदूतलं सगळं काढून नव्या शरीरात भरतात, ती घरी येते, आणि आता ती माणूस आहे का हे कसं ठरवायचं असं तू कथेचा सारांश टाकून विचारलंयस. आधी आमच्या घरातला किस्सा सांगतो, कारण मला यातलं जे काय थोडं कळलंय ते तिथनंच.

आमची आजी तीन वर्षांमागं गेली. गेल्या दिवाळीत चुलत भावानं तिच्या व्हॉट्सॲपवरच्या व्हॉइस नोट्स गोळा करून कुठल्यातरी एआय ॲपमध्ये घातल्या आणि लक्ष्मीपूजन झाल्यावर सगळे फराळाला बसलेले असताना मोबाईल मधोमध ठेवला. आवाज डिट्टो आजीचा, बोलता बोलता दम लागून थांबायची ते सुद्धा. मग त्या आवाजानं माझं नाव घेतलं आणि म्हणाला, "जेवलास का बाळा, वेळेवर जेवत जा." सगळे एकदम गप्प. आणि धाकटी आत्या फिस्सकन हसली, "ही आई नव्हंच!" कारण आमच्या आजीनं जन्मात कधी मला पहिल्या फटक्यात माझ्या नावानं हाक मारली नाही. आधी थोरल्या काकांचं नाव, मग बाबांचं, मग चुलत भावाचं, एकदा तर म्हशीचं घेतलं होतं, आणि मग "आरं तू रं, तूच की" करत माझ्यावर यायची. आणि "वेळेवर जेवत जा" असलं पुस्तकी कुठलं, ती विचारायची "गिळलास का न्हाई". ॲपनं सगळं बरोबर केलं आणि बरोबर केलं म्हणूनच सापडलं.

त्यामुळं नायिकेला सगळं तंतोतंत आठवतंय हा तिच्या माणूस असण्याचा पुरावा म्हणून वापरू नको. तुझ्या सारांशात तेच झालंय, बाबा प्रश्न विचारतात, ती पटापटा उत्तरं देते, पास. ही तोंडी परीक्षा झाली गं.

सायन्सचं थोडं सांगतो, मी मिरजेत लॅब टेक्निशियन आहे, मेंदूचा तज्ज्ञ वगैरे नाही, पण वाचायचा नाद आहे. माणसाच्या मेंदूत साधारण ८,६०० कोटी न्यूरॉन, म्हणजे एकमेकांना संदेश देणाऱ्या पेशी, असतात. एक मिलिमीटर लांबीचा एक जंत आहे, त्याच्यात फक्त ३०२, त्यांची जोडणी कशी आहे ते १९८६ मध्येच पूर्ण छापून आलं, तरी तो जंत जसाच्या तसा कॉम्प्युटरवर जिवंत करणं अजून धड जमलेलं नाही. फळांवर बसते त्या चिलटाएवढ्या माशीच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा २०२४ मध्ये आला, जवळपास १,४०,००० न्यूरॉन. म्हणजे नकाशा काढता येतोय हळूहळू, पण नकाशा म्हणजे गाव नव्हे. त्यातनं आठवण ही पेनड्राइव्हवरच्या फाईलसारखी नसतेच, आपण आठवतो तेव्हा मेंदू ती परत जुळवतो आणि जुळवताना बदलतो पण. तुझी नायिका सहावीतल्या सहलीची गोष्ट दर वेळी शब्द न शब्द तशीच सांगायला लागली आणि तेवढ्यावरनंच धाकट्या बहिणीला भीती वाटली, तर तो सीन भारी होईल बघ.

उलटी बाजू पण आहे. अमेरिकेत हेन्री मोलेसन म्हणून एक गृहस्थ होते, फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये त्यांच्या मेंदूचं ऑपरेशन केलं आणि त्यानंतर २००८ मध्ये जाईपर्यंत त्यांना नवीन जवळपास काहीच लक्षात राहिलं नाही. वर्षानुवर्षं भेटणाऱ्या संशोधकांना सुद्धा ते दर वेळी नव्यानं भेटल्यासारखे भेटायचे. पण विनोद करायचे, शब्दकोडी सोडवायचे, समोरच्याशी नीट वागायचे, आणि ते माणूस नाहीत असं कोणी म्हणायची छाती होती का? मग आठवणी गेल्या तरी माणूस उरतो, आणि आमच्या मोबाईलमधल्या आजीसारखं आठवणी असूनही नसतो.

शरीराचं म्हणशील तर मी रोज ज्या लाल पेशी मोजतो त्या साधारण १२० दिवस जगतात, आतड्याचं अस्तर तर काही दिवसांत नवीन होतं. म्हणजे नवीन शरीर हा मुद्दा वाटतो तेवढा मोठा नाही. २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या काकांचा तानपुरा घरातच अडकला, पाणी उतरल्यावर बघतोय तर भोपळा सुटून कॉटखाली आणि दांडी कपाटाला टेकून चिखलात. मिरजेत सतारमेकर गल्लीत नेला. कारागीर म्हणाले भोपळा गेला, तबली गेली, खुंट्या पण बदला, तारा तर बदलायच्याच, नवीनच घ्या ना त्यापेक्षा. काका ऐकेनात. सगळं होऊन आल्यावर पहिल्यांदा छेडला तेव्हा आवाज मेल्यासारखा, नुसता टणटण. कारागिरानं परत जवारी काढली, घोडीवर घास घास घासलं, तारेखाली दोरा सरकवून सरकवून बघितला, आणि एका ठिकाणी तो असा भरून घुमला की काका म्हणाले, "हां, बोलला आता." आता तो तोच तानपुरा का? जुनी फक्त दांडी आहे. पण काकांना कोणी विचारलं तर ते सांगतात ३० वर्षांचा आहे.

दुसरं म्हणजे तिची मरणाची तारीख ठरव, तिथं खूप मजा आहे. आपल्याकडं १९९४ चा अवयवदानाचा कायदा आहे, त्यात मेंदू मृत झाला हे चार डॉक्टरांनी, कमीत कमी सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून ठरवायचं असतं, तेव्हा हृदय चालू असू शकतं. मग बाबांनी डेटा त्या सहा तासांत काढला की नंतर? आणि मृत्यूचा दाखला निघाला असेल तर तिनं बारावीचा फॉर्म कुठल्या आधार कार्डावर भरायचा? हसू नको, उत्तर प्रदेशात आझमगढचे लालबिहारी १९७५ ते १९९४ जिवंत असून कागदोपत्री मेलेले होते, जमिनीपायी, आणि त्यांनी असल्याच लोकांचा मृतक संघ काढला. तुझ्या कथेत तिच्या काकानं आजोबांच्या सातबाऱ्यावर तिचं नाव लावायला नको म्हटलं की झालं, "ती माणूस आहे का" हा प्रश्न थेट तलाठ्याच्या टेबलावर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिचं दहावं झालं असणार की! हे तुझ्या सारांशात कुठंच नाही. सांगलीजवळ हरिपूरला संगमावर पिंड ठेवलाय, कावळे झाडावर बसलेत पण कोणी खाली येईना, मग मामा हात जोडून म्हणतो तुझी सायकल कुणाला विकणार नाही, आई म्हणते तुझ्या बहिणीला शिकवू, तरी नाही. आमच्या आजीच्या वेळी पाऊण तास गेला होता, शेवटी आत्या म्हणाली म्हस विकत नाही, तेव्हा आला. आता तुझी नायिका घरी आल्यावर एके रात्री ताटावर बसल्या बसल्या आईला विचारतेय, "माझ्या पिंडाला कावळा शिवला होता का गं?" आई काय सांगेल? शिवला होता म्हटलं तर जी गेली ती समाधानानं गेली, मग ही कोण? नाही शिवला म्हटलं तर हीच ती, अडकलेली. हा सीन बाबांच्या लॅबमधल्या सगळ्या सीनपेक्षा जड आहे, आणि हा दुसऱ्या कुठल्या भाषेतल्या लेखकाला सुचणार नाही. सांगलीत घडवली तर चालेल का विचारलंस ना, हे त्याचं उत्तर.

भाषा पण घरातलीच ठेव, मशीनमधनं आलेली पोरगी एकदम प्रमाण मराठी बोलायला लागली तर गल्लीतल्या बायका पहिल्या दिवशी ओळखतील. मेरी शेलीनं अठराव्या वर्षी फ्रँकेन्स्टाईन ही कादंबरी लिहायला घेतली होती, १८१८ मध्ये छापली, त्यात प्रयोग करून जिवंत केलेल्या त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कोणी नावच देत नाही. तुझ्या नायिकेला नाव आहे, पण सारांशात तिला त्या नावानं हाक मारतात फक्त बाबा, आईला एक वाक्य पण नाही. आईला बोलू दे. आणि पहिल्या दिवशी तिनं गडबडीत हिला धाकटीच्या नावानं हाक मारू दे.

पहिला भाग झाला की टाक, वाचतो. परीक्षा जवळ असेल तर नंतर टाक.