क्रम शिथिल होतो की क्रमाची अट?

प्रश्न असा आला आहे: “व्हर्टआयओवरच्या मराठी टिपणात मी लिहिलं, ‘बफर्सचा क्रम शिथिल केला आहे; डिव्हाइस ते अनुक्रमे परत करेलच असे नाही.’ सहकारी म्हणतात, ‘क्रम शिथिल’ खटकतं. खरंच चुकलंय का? ‘अनुक्रमे’ तरी बरोबर आहे ना? आणि ‘बफर्सचा’ लिहावं की ‘बफरांचा’?”

सहकाऱ्यांचा कान तयार आहे. मराठीत शिथिल होतात त्या अटी, निर्बंध, मर्यादा, आचारसंहिता, संचारबंदी. २०२० साली ‘निर्बंध शिथिल’ ही जोडी आपण मथळ्यांत इतकी वाचली की ती पाठच झाली. थकलेली गात्रं सोडली, तर जे बांधून ठेवतं तेच शिथिल होतं. जे बांधलेलं असतं ते मोकळं होतं. इथे बांधणारा आहे नियम, आणि क्रम त्या नियमाने धरून ठेवलेला. म्हणून ‘क्रमाचा नियम शिथिल केला’ किंवा त्याहून बरं ‘क्रमाची अट शिथिल केली’. ‘क्रमाचे शिथिलीकरण’ या वाटेला मात्र जाऊ नका. सरकारी कागदावर तो शब्द खपतो, पण वाचकाला आधी शवासन आठवतं.

(शब्दाचं कूळ विचारलेलं नाही, तरी सांगतो: वेदात ‘शिथिर’, संस्कृतात ‘शिथिल’, प्राकृतात ‘सिढिल’. आपला ‘ढिला’ आणि पतंगाला देतात ती ‘ढील’ही याच घरातली मानली जाते.)

पण व्याकरण सुधारलं तरी वाक्य पुरं होत नाही. नोकरभरतीच्या जाहिरातीत ‘वयोमर्यादा शिथिलक्षम’ एवढंच कधी छापत नाहीत. ‘अमुक प्रवर्गातील उमेदवारांसाठी ५ वर्षांनी शिथिलक्षम’ असं असतं. कोणासाठी आणि कुठली अट, ही दोन्ही उत्तरं वाक्यातच मिळतात. तुमच्या वाक्यात दोन्ही नाहीत, आणि व्हर्टआयओसारख्या विषयात ती नसली की अर्थ चक्क उलटू शकतो. कसा, ते पाहण्यासाठी थोडं यंत्राच्या पोटात शिरावं लागेल.

व्हर्टआयओ म्हणजे आभासी यंत्रातली (खऱ्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकातली) ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिला दिलेली आभासी उपकरणं (डिस्क, नेटवर्क कार्ड वगैरे) यांनी एकमेकांशी कसं बोलावं याचा करार. रस्टी रसेल यांनी तो लिनक्ससाठी मांडला, २०१३ पासून ओॲसिस या मानकसंस्थेची समिती तो सांभाळते. एका बाजूला ड्रायव्हर (ऑपरेटिंग सिस्टिममधला, उपकरणाशी बोलणारा प्रोग्राम), दुसऱ्या बाजूला डिव्हाइस (ते आभासी उपकरण), मध्ये सामायिक मेमरीतली रांग. ड्रायव्हर बफर (डेटा ठेवायची मेमरीतली जागा) ‘उपलब्ध’ म्हणून मांडतो, डिव्हाइस काम उरकून तो ‘वापरला’ म्हणून नोंदवतो. या नोंदीत दोनच गोष्टी असतात: बफराचा ओळखक्रमांक आणि त्यात किती बाइट लिहिले तो आकडा.

ओळखक्रमांक लागतो कशाला? कारण कामं मांडली त्याच क्रमाने संपतील याची हमी मुळात नाहीच. पिठाच्या गिरणीत आपण डबा रांगेत ठेवतो, पण गिरणीवाला गव्हावर गहू टाकतो, ज्वारीवर ज्वारी. मधला बाजरीचा डबा मागे राहतो. डब्यावर नाव असतं म्हणून गोंधळ होत नाही. डिस्कचंही तसंच. एक वाचन लगेच होतं, दुसरं रेंगाळतं, आणि जे आधी झालं ते आधी परत दिलेलं बरं.

म्हणजे ‘मागेपुढे झालं तरी चालेल’ हा व्हर्टआयओचा पाया आहे, नंतर दिलेली सवलत नव्हे. उलट २०१९ च्या १.१ आवृत्तीत ३५ क्रमांकाचा ‘इन ऑर्डर’ हा फीचर बिट (एखादी सोय वापरायची की नाही हे दोन्ही बाजूंनी ठरवायची खूण) आला, तो अट घट्ट करणारा. ड्रायव्हर आणि डिव्हाइस दोघांनी तो मान्य केला, तर डिव्हाइस बफर मांडलेल्या क्रमानेच परत करायला बांधलं जातं. त्याच्या बदल्यात त्याला मुभा मिळते: दहा बफर उरकले, तर दहा नोंदी करायला नकोत, शेवटच्या बफराची एक नोंद पुरते. ड्रायव्हर समजून घेतो की मधले सगळे झाले, आणि पूर्ण वापरले गेले. तोटाही उघड आहे. एक बफर अडकला की त्यामागचे सगळे ताटकळतात, त्यामुळे ज्यांचं काम एरवीही ओळीनेच होतं अशाच उपकरणांना हे परवडतं.

आता तुमचं वाक्य पुन्हा वाचा. हा बिट आल्यामुळे ‘क्रम शिथिल झाला’ असं एखाद्याने समजलं, तर ते तंतोतंत विरुद्ध होईल. क्रमाची अट आवळली, शिथिल झाली ती नोंदीची. म्हणून ‘शिथिल’ लिहिताना मी आधी बोट ठेवून पाहतो: बांधलं कोण जातंय, सुटतंय कोण? ‘सूट’ हा शब्दही इथे टाळा. सूट म्हणजे नियम जागच्या जागी, फक्त तुम्हाला लागू नाही. दोघांच्या संमतीने जे करता येतं त्याला मराठीत ‘मुभा’ हाच नेमका शब्द आहे. तो अरबीतल्या ‘मुबाह’वरून आला, आणि मुबाह म्हणजे करण्याची सक्ती नाही पण मनाईही नाही असं कृत्य. मानकं लिहिणाऱ्यांना याहून चपखल शब्द कुठून मिळणार?

‘अनुक्रमे’कडे येऊ. कोशात ‘ओळीने, क्रमवार’ हा अर्थ आहे, आणि ‘आता अनुक्रमे एकेक मुद्दा पाहू’ असं जुन्या लेखनात सर्रास सापडतं. पण आजच्या वाचकाच्या डोक्यात ‘अनुक्रमे’ म्हटलं की दोन याद्यांची जुळणी येते: ‘सीमा आणि रेखा यांना अनुक्रमे ७२ आणि ६८ गुण’. गंमत अशी की व्हर्टआयओतही दोन याद्या आहेतच, उपलब्ध बफरांची आणि वापरलेल्यांची. त्यामुळे हा शब्द इथे नुसता अपुरा नाही, फसवा आहे. वाचक याद्या जुळवत बसेल. ‘क्रमशः’ तर मासिकांनी कधीच पळवला. वाचक पुढच्या अंकाची वाट पाहील. ‘क्रमाक्रमाने’ म्हणजे हळूहळू. ‘लागोपाठ’ आणि ‘पाठोपाठ’ यांत मध्ये खंड नाही एवढंच कळतं, कोण पुढे कोण मागे ते नाही.

खरं तर वेगळा शब्द शोधायचं कारणच नाही. मराठीची ‘जो–तो’ची जोडी हे काम फुकटात करते: ज्या क्रमाने मांडले, त्याच क्रमाने परत केले. दोन क्रम आहेत, ते कुठे कुठे आहेत, आणि ते जुळले पाहिजेत, तिन्ही गोष्टी एका वाक्यात आल्या. लांबलचक वाटलं तर एकदा असं लिहून पुढे ‘मांडल्या क्रमाने’ म्हणा. उलट बाजूसाठी ‘मागेपुढे’ उत्तम. ‘क्रमभंग’ नको. भंग आला की कुणाची तरी चूक झाली असं ध्वनित होतं, आणि डिव्हाइसने तर काहीच गैर केलेलं नाही.

तुमच्या टिपणात १.० आवृत्तीचाही उल्लेख असेल, तर तिथे आणखी एक क्रम दबा धरून बसला आहे. एकेक बफर अनेक तुकड्यांचा बनू शकतो, आणि त्या तुकड्यांची साखळी कशी लावायची याचे नियम आहेत. जुन्या, मानक होण्याआधीच्या उपकरणांची याबाबत फार नाटकं होती. डिस्कच्या मागणीचं १६ बाइटचं शीर्षक (काय हवंय ते सांगणारा सुरुवातीचा भाग) वेगळ्या तुकड्यात हवं, मग डेटा, मग काम झालं की नाही हे सांगणारा १ बाइट पुन्हा वेगळ्या तुकड्यात. नेटवर्कचं शीर्षकही असंच सवत्या सुभ्याचं. आधी २७ क्रमांकाच्या ‘एनी लेआउट’ बिटाने, आणि १.० मध्ये सरसकट, हा हट्ट मोडला: ड्रायव्हरने तुकडे कुठेही पाडावेत, डिव्हाइसने त्यावरून काही गृहीत धरू नये.

याला ‘क्रमाचे नियम शिथिल केले’ म्हणणं हा सर्वांत सोपा घोटाळा. शिथिल झाली ती मांडणीची अट. शीर्षकाचे बाइट अजूनही आधीच येतात, तो शेवटचा बाइट अजूनही शेवटीच. आणि डिव्हाइसने वाचायचे तुकडे आधी, डिव्हाइसने लिहायचे तुकडे नंतर, हा नियमही १.० मध्ये जसाच्या तसा राहिला. शिवाय अट सुटली ती ड्रायव्हरची; डिव्हाइसवर उलट नवं बंधन आलं. तेव्हा ‘ड्रायव्हरसाठी मांडणीची अट शिथिल केली, बाइटांचा क्रम तोच ठेवला’ असं लिहावं.

जाता जाता: या तुकड्यांना ‘वाचनीय’ आणि ‘लेखनीय’ म्हणायचा मोह फार जणांना होतो. वाचनीय म्हणजे वाचावं असं, चांगलं. ‘डिव्हाइसला वाचनीय बफर’ हे पुस्तक परीक्षणातलं वाक्य वाटतं. ‘डिव्हाइसने वाचायचा बफर’ म्हटलं की वाचणारा कोण हेही ‘ने’ने सांगून टाकलं. या विषयात ते फार मोलाचं आहे, कारण ड्रायव्हर जे लिहितो तेच डिव्हाइस वाचतं आणि दर दोन ओळींनी माणूस गोंधळतो.

तिसरा क्रम मेमरीचा, त्यावर थोडक्यात. ड्रायव्हरने आधी बफराचा तपशील लिहिला आणि मग रांगेचा आकडा पुढे सरकवला, तरी आधुनिक प्रोसेसरवर दुसऱ्या बाजूला ते उलट दिसू शकतं. म्हणून मध्ये मेमरी बॅरियर, म्हणजे हा क्रम उलटू न देणारी सूचना, घालतात. इथे रांग नाही, फक्त ‘हे त्याच्या आधी दिसलं पाहिजे’ एवढंच नातं आहे. यासाठी ‘पौर्वापर्य’ हा जुना, नेमका शब्द मला फार आवडतो, पण विद्यार्थ्यांच्या टिपणात तो घालायचं धाडस मी करणार नाही. ‘आधी-नंतरचा क्रम’ म्हणा, भागतं.

तर तुमचं वाक्य, ते मूळ व्हर्टआयओच्या रांगेबद्दल आहे असं धरून: ‘बफर ज्या क्रमाने मांडले त्याच क्रमाने परत करण्याचे बंधन डिव्हाइसवर नाही, ते मागेपुढे परत आले तरी चालते.’ यात ‘शिथिल’ नाही, कारण मुळात बांधलेलं नव्हतं. ते १.० च्या मांडणीबद्दल असेल, तर वर दिलेलं ‘ड्रायव्हरसाठी मांडणीची अट…’ हे वाक्य घ्या.

राहिला ‘बफर्सचा’. परभाषेतून आलेला शब्द एकदा आपल्यात बसला की त्याला विभक्ती आपलीच लागते: डॉक्टरांचा सल्ला, पेपरांची रद्दी. डॉक्टर, पेपर यांसारखाच ‘बफर’ रकारान्त, बहुवचनातही ‘बफर’च: एक बफर आला, चार बफर आले, चार बफरांचा क्रम. ‘बफर्सचा’मध्ये इंग्रजी ‘स’वर मराठी ‘चा’ चढतो, ते दुहेरी लुगडं कशाला? ‘डिव्हाइस’चं मात्र जपून. मी तो नपुंसकलिंगी धरला आहे, ‘उपकरण’ मनात असल्यामुळे. ‘तो डिव्हाइस’ म्हणणारेही पुष्कळ भेटतात. काहीही धरा, पण एका टिपणात एकच.