ताडोबात कॅमेरा घेऊन जाताय? आधी गाइडशी नीट बोला

एप्रिलमध्ये मोहर्ली गेटवरून सकाळची एक आणि दुपारची एक फेरी, जिप्सीत (सफारीच्या उघड्या गाडीत) सहा जण, त्यात दोघे कॅमेरेवाले, हाताशी नवी १५०-६०० मिलिमीटरची लेन्स. तुमचे प्रश्न असे आहेत: गाइडला निघतानाच ‘वाघ दाखवलास तर वेगळे पैसे देतो’ असं सांगावं का, ही लेन्स पुरेल का, आणि वाघ नाहीच दिसला तर ताडोबात लँडस्केपसाठी काही आहे का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं बरंचसं त्यावरच अवलंबून आहे. तसं अजिबात सांगू नका.

वाघावर पैसे लावले की फेरी फोटोग्राफीची राहत नाही, पळापळीची होते. गाडी एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर धावत राहते, समोरून येणाऱ्या प्रत्येक जिप्सीला ‘काही दिसलं का’ विचारलं जातं आणि कुठे दिसल्याचं कळलं की गर्दीत शेवटची गाडी तुमची असते. तिथून फोटो मिळतो तो पुढच्या गाडीतल्या लोकांच्या पाठींचा. शिवाय या घाईची किंमत गाइड मोजतो. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट जिप्सींनी अडवली होती. व्हिडिओ सगळीकडे फिरला, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि चालक व गाइड यांच्यावर निलंबनाची कारवाई झाली. पर्यटक आपापल्या घरी गेले. गाडी अजून पुढे घ्या असा आग्रह मागच्या सीटवरून धरणं सोपं असतं, पण गणवेश गाइडच्या अंगावर असतो आणि रोजगारही त्याचाच जातो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ताडोबाचे गाइड बफरमधल्या, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांचेच आहेत. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात तेव्हा त्यांच्या घरची, शेजारची माणसं अंधार असतानाच टोपल्या घेऊन मोहाखाली जातात. मे महिन्यात तेंदूपत्ता असतो. चंद्रपूर जिल्ह्यात अशा कामाला गेलेली माणसं वाघाच्या हल्ल्यात दगावतात, दरवर्षी. आपण ज्याला ‘साइटिंग’ म्हणतो ते त्या माणसाच्या गावाच्या वेशीवर वेगळ्या अर्थाने घडत असतं. त्यामुळे वाघ हा त्याच्या दृष्टीने आपल्याला करून दाखवायचा खेळ नाही, आणि त्याच्याशी तसं बोलू नये. याबाबतीत मी ठाम आहे.

मग बोलायचं काय? गाइड गेटवर पाळीनुसार मिळतो, आपण निवडत नाही. त्यामुळे गाडी आत शिरण्याआधीची पाच मिनिटं फार मोलाची. खाली उतरा, नाव विचारा, गाव विचारा. मोहर्लीला महिला गाइडही आहेत, ताई असतील तर त्यांच्याशीही हेच बोलायचं. साधारण असं: ‘भाऊ, आम्ही फोटो काढायला आलोय. वाघ दिसला तर आनंदच आहे, नाही दिसला तरी आमची तक्रार नाही. एका जागी अर्धा तास थांबायची तयारी आहे. गाडी लावताना उजेड आमच्या पाठीशी राहील एवढं बघा, आणि थांबलो की इंजिन बंद करायला सांगा.’ हे ऐकल्यावर बहुतेक गाइडच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसतं. मग ते तुम्हाला जंगल दाखवायला लागतात. मत्स्यघुबड कुठल्या झाडावर बसतं, अस्वल मोहाखाली कधी येतं, रानकुत्र्यांची टोळी काल कुठे होती, हे सगळं त्यांना माहीत असतं, पण वाघासाठी घायकुतीला आलेल्या माणसाला ते सांगून उपयोग नसतो.

तुमच्या गाडीतल्या बाकी चौघांशी मात्र आदल्या रात्रीच बोलून घ्या. त्यांना वाघच बघायचा असेल आणि तुम्हाला नवरंग पक्ष्यासाठी थांबायचं असेल, तर सकाळी सहाला जिप्सीत त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. जमत असेल तर दोघा कॅमेरेवाल्यांनी वेगळी गाडी करावी. महाग पडतं, पण सहा जणांच्या गाडीत लांब लेन्स फिरवायला जागाच नसते.

आता कॉल, म्हणजे वाघाची चाहूल लागली की इतर जनावरं देतात तो इशाऱ्याचा आवाज. ताडोबात खरी मजा इथे आहे आणि गाइडशिवाय ती आपल्या हाती लागत नाही. चितळ ओरडलं की नवखा माणूस कॅमेरा उचलतो. गाइड हलत नाही. चितळ एकदा-दोनदा कशालाही ओरडतं. तो ऐकत असतो की कॉल थांबला की चालू राहिला, एकाच जागेवरून येतोय की पुढे सरकतोय. वानर ओरडायला लागलं की तो झाडाचा शेंडा शोधतो, कारण वर बसलेल्या वानराला खालचं जनावर दिसत असतं आणि त्याचं तोंड ज्या दिशेला असतं तिकडेच बघायचं असतं. आणि सांबराने ‘ढाँक’ असा एक जाड आवाज काढून पाय आपटला की गाइड हळूच ड्रायव्हरच्या हाताला स्पर्श करतो. सांबर सहसा उगाच ओरडत नाही. अशा वेळी गाडी आवाजाच्या दिशेने पळवली जात नाही; चांगला गाइड जनावर कुठून निघून कुठे रस्ता ओलांडेल याचा अंदाज बांधतो, गाडी त्या जागेच्या बरीच अलीकडे लावतो आणि सगळ्यांना गप्प बसवतो. वाघ स्वतः चालत तुमच्या दिशेने येतो तो फोटो अशाच वेळी मिळतो. पाठलाग करून मिळतो तो पाठमोऱ्या वाघाचा.

त्या थांबण्याच्या काळात सेटिंग करून ठेवा. चालत्या जनावराला १/१००० सेकंद शटर, बसलेल्याला १/२५० पुरतो. ऑटो आयएसओ (उजेडाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता) लावा, वरची मर्यादा ६४०० ठेवा, आणि पहाटेच्या उजेडात आयएसओ चढला म्हणून घाबरू नका. दाणेदार पण स्पष्ट फोटो सुधारता येतो, हललेला येत नाही. वाळलेल्या सागाच्या पानांवर आणि बांबूखालच्या कवडशांमध्ये कॅमेऱ्याचं मीटर फसतं. वाघाच्या पाठीवर उन्हाचा पट्टा असेल तर एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली घ्या, म्हणजे फोटो थोडा गडद करा, नाहीतर तेवढा भाग पांढरा पडतो.

लेन्स पुरेल. उलट बऱ्याच वेळा जास्त होईल. मोहर्लीच्या रस्त्यांवर जनावर जवळून जातं तेव्हा ६०० मिलिमीटरमध्ये नुसतं नाक येतं, म्हणून गाडी चालू असताना लेन्स १५०-२०० वरच ठेवायची सवय लावा. ट्रायपॉड नेऊ नका, जिप्सीत लावायला जागा नसते. लेन्स टेकवायची पिशवी, म्हणजे बीनबॅग, न्या, पण रिकामी. तांदूळ चंद्रपूरला किंवा मुक्कामाच्या गावी विकत घेऊन भरा, परतताना ज्यांच्याकडे राहिलात त्यांना देऊन टाका. जिप्सीच्या दांड्यावर बीनबॅग आणि त्यावर लेन्स, यासारखा आधार नाही. शक्यतो बसून फोटो घ्या. जिप्सी आधीच उंच असते, त्यात उभं राहिलात की वाघाची पाठच जास्त दिसते आणि डोळ्यांत डोळे घालून बघितल्यासारखा फोटो येत नाही. धुळीचा बंदोबस्त करा: कॅमेऱ्यावर सुती पंचा, आणि आत गेल्यावर लेन्स बदलायची नाही. मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे ‘वाइड फोटो फोनवर काढू’ हा बेत सोडा. दुसरी कॅमेरा बॉडी असेल तर तिला २४-७० ची वाइड लेन्स लावून मांडीवर ठेवा.

नऊच्या पुढे एप्रिलच्या उन्हात जमिनीवरची हवा थरथरायला लागते. लांबच्या पाणवठ्यावरची वाघीण डोळ्यांना स्पष्ट दिसते आणि फोटोत मऊ येते. हा लेन्सचा दोष नाही, महागड्या लेन्सनेही तो जात नाही. अशा वेळी जवळ चला म्हणून गाइडच्या मागे लागण्याऐवजी वाघाला फ्रेममध्ये लहान ठेवा, पाणी, पलीकडचा बांबू आणि वरची झाडं घ्या. पाणवठ्याचा एक बारकावा गाइडच सांगतात: वाघ बहुधा उलटा, म्हणजे शेपटीकडून पाण्यात शिरतो, तोंड बाहेरच्या बाजूला ठेवून. म्हणून गाडी कुठल्या काठाला लावायची हे तो पाण्यात उतरण्याआधीच ठरलेलं बरं. एकदा बसला की तासभर हलत नाही, पण उठून अंग झाडतो तो क्षण दोन-तीन सेकंदांचा असतो. इतर गाड्या कंटाळून निघून जातात तेव्हा थांबायचं ते त्याच्यासाठी.

लँडस्केपचं विचारलंत याचा आनंद झाला, कारण ताडोबात तिकडे फार कमी लोक बघतात. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं उद्यान. ताडोबा तलाव सकाळी आधी गाठायला सांगा. पाण्यावर उजेड तिरपा असताना काठावरच्या मगरी, चितळांचे कळप आणि मागची झाडी एका फ्रेममध्ये येते. तलावाच्या काठी तारूचं ठाणं आहे, वाघाशी झुंजताना मरण पावलेला गोंड गावप्रमुख म्हणून त्याला पूजतात, आणि जंगलाचं नाव त्याच्यावरून पडल्याचं सांगतात. गाइडला त्याची गोष्ट विचारा, पण ते देवस्थान आहे, तिथे फोटोसाठी काही हलवायचं नाही. मोहर्ली-ताडोबा रस्त्याच्या कडेने गोंड राजांच्या काळातले म्हणून ओळखले जाणारे दगडी खांब ओळीने उभे आहेत. धुळीत तिरपं ऊन पडलं की ते फार देखणे दिसतात. कुलूचं झाड तर एप्रिलमध्येच बघावं. पानं गळलेली, खोड पांढरंफटक, पहाटेच्या निळसर उजेडात ते एकटंच उजळलेलं असतं. गाइड त्याला घोस्ट ट्री म्हणून दाखवतात, आपण मान डोलावून पुढे जातो. थांबायला सांगा. कुसुमाच्या झाडाची नवी तांबडी पालवी तोवर थोडीफार टिकली असेल तर तीही उलट्या उजेडात घ्या. ऐनाच्या खोडावरची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल कृष्णधवल फोटोत सुंदर येते.

स्थानिक माणसावर सोपवलं की फोटो कसा बदलतो, याचं अजून एक उदाहरण देतो, ताडोबाबाहेरचं. भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) येतात. तिथले नावाडी मूळचे मासेमारी करणारे. ज्याला घाई नाही असा नावाडी थव्यापासून बराच लांब मोटर बंद करतो, वारा कुठून आहे ते बघतो आणि बांबूने नाव ढकलत, मग नुसती वाऱ्यावर सोडून, तिरकी तिरकी आत नेतो. सरळ रोखाने जात नाही. पक्षी मान वर करून चालायला लागले की बांबू चिखलात रोवून थांबतो. दोन-तीन मिनिटांनी माना पुन्हा पाण्यात जातात, मग नाव हातभर पुढे सरकते. अशा वेळी चरणारे, एकमेकांशी भांडणारे रोहित मिळतात. उडतानाचा फोटो हवा म्हणून थवा उठवायला सांगणारेही असतात. तसं करू नका. रोहिताला उडण्यासाठी पाण्यावर बरंच धावावं लागतं, आणि लांबून येऊन चरायला बसलेल्या पक्ष्याची ती ताकद आपल्या एका फोटोसाठी खर्च होते. कुरवांना (सीगल पक्ष्यांना) शेव-गाठी टाकून जवळ बोलावणंही तसंच. नावाड्याने स्वतःहून पुडा काढला तर नम्रपणे नको म्हणा. गिऱ्हाईकच नको म्हणतंय हे चार वेळा ऐकलं की तो पुडा आणायचा थांबतो.

ताडोबातही हेच लागू आहे. पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून त्याला बाहेर काढायचं नाही. घरटं दिसलं तर गाडी थांबवायची नाही. बछड्यांसोबत वाघीण असेल तर गाइडने अंतर जास्त ठेवलं म्हणून कुरकुर करायची नाही. परत आल्यावर फोटो टाकताना पाणवठ्याचं नाव, तारीख, वेळ लिहू नका. इंदापूर-बारामतीच्या माळरानांवर लांडग्याच्या गुहेची जागा कळली की गाड्यांची रांग कशी लागते, हे माळावर फिरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पिल्लं असताना मादीला जागा बदलावी लागली तर पिल्लं मरू शकतात.

पैशांचं राहिलं. बक्षीस जरूर द्या, सढळ हाताने द्या, पण वाघ दिसो न दिसो सारखंच द्या, आणि ड्रायव्हरलाही द्या. गाडी उजेडाच्या बाजूला लावणारा हात त्याचा असतो. दुसरं, गाइडचा पत्ता विचारून ठेवा आणि दोन-चार फोटो छापून टपालाने पाठवा, त्यातला एक त्याचा स्वतःचा असू द्या, जंगलात कामावर असतानाचा. पर्यटक त्यांच्यासमोर हजारो फोटो काढतात, पण त्यातला एकही सहसा त्यांच्या घरी पोचत नाही.

दुपारच्या फेरीचं बुकिंग अजून झालं नसेल तर ती बफरमध्ये घेण्याचा विचार करा, आगरझरी किंवा जुनोना. गर्दी तुलनेने कमी, थांबायला वेळ जास्त, आणि गावं, शेतं, जंगल एकमेकांत मिसळलेलं दिसतं, लँडस्केपसाठी ते जास्त बोलकं आहे. तारीख ठरवताना मंगळवार टाळा, त्या दिवशी ताडोबा बंद असतं.