पहाटेचा व्यायाम आदल्या रात्रीच्या ताटात सुरू होतो

पहाटे साडेपाचला उपाशीपोटी जिमला गेलं की तिसऱ्या सेटला अंधारी येते म्हणतोस, तर आधी सांग, रात्री काय जेवतोस? झोपेत यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे जेवणातल्या कर्बोदकांपासून साठवलेल्या साखरेचा, साठा बराच उतरतो, पण स्नायूंतला बहुतेक शाबूत राहतो, आणि स्क्वॉट मारताना मुख्यतः तोच कामी येतो. म्हणून ‘रात्री भात बंद’ असं कुणी सांगितलं तरी नुसत्या काकडी-टोमॅटोवर झोपू नकोस. दोन भाकऱ्या, उसळ, थोडा भात, दही असं नीट जेव. मी हे सुरू केलं आणि पंधरवड्यात फरक जाणवला.

उठल्यावर आधी पाणी. मग निघण्याआधी एक केळं: साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं, १०० कॅलरी, पचायला हलकं. केळं जात नसेल तर दोन-तीन खजूर. तेव्हा पोहे-उपमा नको, पोटात जड राहतात.

परतल्यावर तासाभरात भरपेट नाश्ता कर. नुसत्या पोह्यांत प्रथिनं फारच कमी. सोबत दोन-तीन अंडी किंवा मोड आलेले मूग आणि दही घे. अर्ध्या तासात प्रोटीन शेक प्यायलाच हवा, ही धास्ती मात्र सोड. दिवसभरात वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं जाणं जास्त महत्त्वाचं.

वजन उतरवायचं असेल तर कात्री संध्याकाळच्या फरसाणाला लाव, पहाटेच्या केळ्याला नाही. आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर यातलं काहीही करण्याआधी डॉक्टरांना विचार.