शुक्रवारपासूनच सुरू कर

राब्बी स्मॉल, म्हणजे खुनांची कोडी सोडवणाऱ्या ज्यू धर्मगुरूच्या रहस्यकथा, वाचायला घेतोयस ना? मग हाताला लागेल ते पुस्तक उचलू नकोस. हॅरी केमेलमनची ही मालिका १९६४ ते १९९६ चालली. पहिल्या सात कादंबऱ्यांच्या नावांत एकेक वार आहे, पण हा आठवडा शुक्रवारी सुरू होतो. मी सोमवारपासून सुरुवात करून फसले होते. ती चौथी, आणि घडते इस्रायलमध्ये. राब्बीचं मॅसॅच्युसेट्समधलं गाव, बार्नर्ड्स क्रॉसिंग, आधी ओळखीचं व्हायला हवं, तरच तिची गंमत.

पहिल्या पुस्तकात खुनाची घाई नाही, कंटाळू नकोस. आधी उसन्या नेलेल्या गाडीचं इंजिन बिघडल्याचं भांडण राब्बीसमोर येतं. तालमुद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथाच्या आधाराने तो त्याचा कीस पाडतो, तो प्रसंग सावकाश वाच. पुढे मृत तरुणीची पर्स त्याच्याच गाडीत सापडते, तेव्हा हेच डोकं कामी येतं.

पोलीसप्रमुख लॅनिगन आयरिश कॅथलिक. दोघांच्या धर्मावरच्या गप्पा मला तर कोड्याहून जास्त आवडतात. सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिराच्या, कमिटीचं राजकारण वाचताना आपल्या सोसायटीची मीटिंगच आठवेल! १९८१ चं संभाषणांचं पुस्तक मात्र मागे ठेव, त्यात खूनच नाही.